पदवीनंतरचें विद्यालय : सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या

आपल्या अंधेरीच्या परिसरांत बारा महिने कांहीं ना कांहीं बांधलें जात असतें. वर्सोव्याहून अंधेरीमार्गें घाटकोपरास जाणारी मेट्रो रेल्वे ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. तिची लांबी सुमारें साडेअकरा किलोमीटर असून तिच्यावर बारा स्थानकें आहेत. तिचे खांब गजबजलेल्या रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि तिचा मार्ग पश्चिम रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे गेला. असें काम चाललें असतां येणारा जाणारा मनुष्य एकच प्रश्न विचारतो : हें पुरें केव्हां होणार? परंतु आधीं कोणतें काम हातीं घ्यावें आणि मागाहून कोणतें, मजूर किती लावावे, पाऊस आला तर काय करावें, खडी-चुना-लोखंड वेळेवर कोठून आणावें, आणि कोणास इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्याच्या मनांत येत नाहींत. ते ज्याच्या मनांत अहोरात्र घोळत असतात, तो इंजिनियर होय. आणि या प्रश्नांचें एक स्वतंत्र शास्त्र आहे. तें शिकविण्याची सोय आपल्या अंधेरींतच, मुन्शीनगर येथील सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयांत, आहे. इंजिनियरची पदवी मिळविलेले विद्यार्थी तेथें पुन्हां विद्यार्थी होऊन बांधकामाच्या व्यवस्थापनाचा दोन वर्षें अभ्यास करतात.

भारतीय विद्या भवनाचें हें महाविद्यालय १९६२ सालीं सुरू झालें. त्याच वर्षीं १४ एप्रिल रोजीं बंगळूर येथें सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे आयुष्याचीं शंभर वर्षें पुरीं करून निवर्तले. पदवी घेतल्यावर शिक्षण संपत नाहीं, तर खऱ्या अर्थानें तेथूनच सुरू होतें, हें ज्यांच्या चरित्रावरून उत्तम रीतीनें कळतें, असा त्यांच्यासारखा दुसरा इंजिनियर आपल्या देशांत क्वचितच झाला असेल. त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतला खरा. परंतु इंजिनियर म्हणून ते घडले ते महाराष्ट्रांत. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

बालपण व शिक्षण

विश्वेश्वरय्यांचें घराणें मूळचें आंध्रांतील मोक्षगुंडम् गांवचें. तें पुढें म्हैसूर संस्थानांत येऊन राहिलें. चिकबळ्ळापूरजवळ मुद्देनहळ्ळी नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें १५ सप्टेंबर रोजीं त्यांचा जन्म झाला. हाच दिवस आपल्या देशांत आतां अभियंता दिन म्हणून पाळला जातो. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते. घरीं विद्या होती, पण संपत्ति नव्हती. त्यांतच मुलगा लहान असतां वडील वारले. पुढील शिक्षणासाठीं तो बंगळुरास मामांच्या आश्रयास गेला. तेथें एका सुखवस्तु कुटुंबांतील मुलांस शिकवून तो आपला चरितार्थ चालवी आणि उरलेल्या वेळांत स्वतः अभ्यास करी. असे दिवस काढून सेंट्रल कॉलेजांतून १८८१ सालीं ते बी. ए. झाले.

त्या काळीं बी. ए. झालेल्या तरुणास सरकारी कचेरींत सुखाची नोकरी मिळणें कठीण नव्हतें. विश्वेश्वरय्यांचा ओढा मात्र गणिताकडे व यंत्राकडे होता. म्हैसूर सरकारनें त्यांस शिष्यवृत्ति दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें इंजिनियरिंगचा अभ्यास करण्यासाठीं आले. म्हणजे एक पदवी पदरीं असतां ते पुन्हां बांकावर जाऊन बसले. १८५४ सालीं एका लहानशा वर्गाच्या रूपानें निघालेली ही संस्था पुढें पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज म्हणून सर्व देशांत प्रसिद्धीस आली.

१८८३ सालच्या परीक्षेंत विश्वेश्वरय्या साऱ्या मुंबई इलाख्यांत पहिले आले आणि त्यांस जेम्स बर्कले पारितोषिक मिळालें. या नांवाशीं आपल्या उपनगरांचा जुना संबंध आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी ज्या लोहमार्गावरून गेली, आणि जो मार्ग घाटकोपर-मुलुंडवरून पुढें जातो, त्याचा मुख्य इंजिनियर हा बर्कलेच होता. जणूं इलाख्यांतील एका पिढीच्या बांधकामाचा वारसा या पारितोषिकाच्या रूपानें दुसऱ्या पिढीच्या हातीं आला.

पांझरेच्या पात्रांतील परीक्षा

त्या वेळीं परीक्षेंत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास सरकारी बांधकाम खात्यांत जागा देण्याची पद्धति होती. तीप्रमाणें १८८४ सालीं विश्वेश्वरय्या मुंबई सरकारचे असिस्टंट इंजिनियर झाले. वय बाविशी-तेविशीचें, विद्या ताजी, अनुभव कांहींच नाहीं. प्रथम नाशिककडे व मग खानदेशांत त्यांची नेमणूक झाली.

धुळ्याच्या बाजूस पांझरा नदीच्या खोऱ्यांत बंधाऱ्यांवरून पाट काढून शेती भिजविण्याची रीति फार जुनी आहे. गांवची जमीन फडांत वांटून एकेका फडांत एकेकच पीक घ्यावयाचें आणि पाटाचें पाणी सर्वांनीं पाळीपाळीनें वापरावयाचें, अशी ती फडपद्धति. त्या भागांत एका पाटाचें पाणी नदीच्या पात्राखालून नळांतून पलीकडे नेण्याचें काम निघालें, आणि तें या नव्या इंजिनियरकडे सोंपविण्यांत आलें. यास सायफन म्हणतात. एका तीरावर पाणी नळांत शिरतें, पात्राखालून जातें आणि पलीकडचें तोंड थोडें खालीं असल्यामुळें तेथें आपोआप वर येतें. पाणी आपली पातळी शोधतें, हा शाळेंतल्या विज्ञानाच्या पुस्तकांतील धडाच येथें कामीं येतो.

कागदावर काढलेला हा नळ सोपा दिसतो. नदींत मात्र तो तसा राहत नाहीं. नळ पुरण्यासाठीं पात्रांत चर खणावा लागतो. खडक लागला तर फोडावा लागतो. आणि पावसाळा सुरू झाला म्हणजे एका रात्रींत आलेला पूर आठ दिवसांचें खोदकाम वाळूनें भरून टाकतो. विश्वेश्वरय्यांच्या कामांत हीच अडचण आली. पावसाळ्यांत काम चालविलें तर पैसा व श्रम दोन्ही वायां जातील, असें त्यांस वाटलें. म्हणून पाऊस संपेपर्यंत काम थांबविण्याची परवानगी त्यांनीं आपल्या वरिष्ठ एक्झिक्युटिव्ह इंजिनियरकडे लेखी मागितली.

वरिष्ठास ही विनंति रुचली नाहीं. नोकरीच्या आरंभींच हा तरुण कामाची टाळाटाळ करतो व हुकूम मानण्यास तयार नाहीं, असा त्याचा ग्रह झाला आणि तसें त्यानें कळविलें. नव्या नोकराच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हती. वरिष्ठाचा असा शेरा एकदां दप्तरांत बसला म्हणजे तो जन्मभर पाठ सोडीत नाहीं; आणि ज्याच्या मागें धन नाहीं, वशिला नाहीं, त्याला तर नांवलौकिक हेंच एक भांडवल असतें.

विश्वेश्वरय्यांनीं वाद घातला नाहीं आणि राजीनामाही दिला नाहीं. काम चालूं ठेवतों असें त्यांनीं कळविलें आणि ते पात्रांत उतरले. अशा कामांत पूर ओसरतांच चर पुन्हां उपसावा लागतो, हातचे मजूर टिकवावे लागतात, नळ व चुना आधींच तीरावर आणून ठेवावा लागतो, आणि दोन पुरांच्या मधला एक एक दिवस जपून वापरावा लागतो. दोन महिन्यांत सायफन पुरा झाला. ज्या वरिष्ठानें दोष दिला होता, त्यानेंच काम पाहून प्रशंसा केली आणि मागचा प्रतिकूल ग्रह मागें घेतला. पुढें खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांची नोकरी कायम झाली.

ही कथा सांगतांना पुष्कळ जण एवढेंच सार काढतात कीं, वरिष्ठाची आज्ञा मोडूं नये. तें सार अपुरें आहे. विश्वेश्वरय्यांनीं पत्रांत जो धोका दाखविला होता तो खोटा नव्हता. पूर येणार होता आणि तो आला. त्यांची भीति ही भ्याडाची भीति नव्हती, ती हिशेबाची होती. पण हिशेब मांडून थांबणें हें अर्धें ज्ञान झालें. तोच हिशेब हातीं घेऊन दिवसांची, माणसांची व सामानाची अशी मांडणी करावयाची कीं, धोका असूनही काम तडीस जावें, हें उरलेलें अर्धें होय. पुण्याच्या कॉलेजांत पहिलें अर्धें मिळालें. दुसरें पांझरेच्या वाळूंत मिळालें. आज पदव्युत्तर वर्गांत बांधकामाचें जें शास्त्र शिकवितात, त्याचें मर्म हेंच आहे.

सक्कर, पुणें आणि खडकवासला

सिंध प्रांत त्या वेळीं मुंबई इलाख्यांतच मोडत असे. सिंधु नदीच्या कांठच्या सक्कर शहरास पिण्याच्या पाण्याची व्यवस्था करण्यासाठीं १८९४ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांस तिकडे पाठविण्यांत आलें. नदी अगदीं जवळ, परंतु तिचें पाणी गाळानें भरलेलें. तें गाळण्यासाठीं मोठाले हौद बांधावे, तर नगरपालिकेपाशीं तेवढा पैसा नव्हता. तेव्हां त्यांनीं नदीच्या वाळूंतच विहीर खोदविली. वाळूंतून झिरपून आलेलें पाणी स्वच्छ होतें. तें पंपानें टेंकडीवर चढवून शहरास पुरविलें. निसर्गानें जें गाळणें फुकट मांडून ठेवलें आहे, त्याचा उपयोग करण्याची ही दृष्टि जागेवर उभें राहून पाहिल्याशिवाय येत नाहीं.

पुढें पुण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें आला. मुठा नदीवरील खडकवासल्याच्या तलावांतून पुणें शहरास व कालव्यास पाणी मिळे. परंतु उन्हाळ्यांत तें अपुरें पडे, आणि पावसाळ्यांत मात्र पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जाई. धरणाची भिंत उंच करावी तर खर्च मोठा, शिवाय जुन्या भिंतीवर भार वाढणार. विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर बसविण्यासाठीं आपोआप उघडणारीं दारें योजिलीं. दारांना वजनें जोडून त्यांचा तोल असा साधिला होता कीं, तळें ठराविक पातळीपर्यंत भरेपर्यंत दारें पाणी अडवून धरीत. पातळी ओलांडली कीं पाण्याच्याच जोरानें तोल बदले आणि दारें उघडत. पूर ओसरला कीं तीं पुन्हां मिटत. रात्रीं अपरात्रीं कोणी पहारेकऱ्यानें चक्र फिरविण्याची गरज राहिली नाहीं.

१९०३ सालीं हीं दारें खडकवासल्यास बसलीं. त्यांच्यामुळें पाण्याची पातळी सुमारें आठ फूट वाढली आणि भिंत न वाढवितां तलावांतील सांठा जवळ जवळ एक चतुर्थांशानें अधिक झाला. या दारांचें पेटंट त्यांच्या नांवें होतें; परंतु सरकारी नोकरींत असतां, सरकारच्या कामासाठीं लाविलेल्या शोधाचा मोबदला घेणें त्यांस योग्य वाटलें नाहीं आणि तो त्यांनीं घेतला नाहीं. तशींच दारें पुढें ग्वाल्हेरजवळच्या धरणावर व म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही बसविण्यांत आलीं.

याच काळांत दख्खनच्या कालव्यांखालील शेतीचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. नीरेच्या कालव्यावर कांहीं थोडे बागाईतदार उंसास वाटेल तेवढें पाणी देत. तेथें जमीन पाणथळ होऊन खारावे, आणि दूरच्या शेतकऱ्यास थेंब मिळत नसे. विश्वेश्वरय्यांनीं जमिनीचे ठराविक गट पाडून, त्यांत पिकांची फेरपालट करून, मोजून पाणी देण्याची पद्धति सुचविली. प्रथम बागाईतदारांनीं विरोध केला. पण समजावून सांगतां सांगतां ती त्यांस पटली. तरुणपणीं खानदेशांत पाहिलेल्या फडांशीं या पद्धतीचें साम्य सहज ध्यानांत येतें. १८९८ सालीं ते जपानास जाऊन आले, १९०६ सालीं एडनच्या पाणीपुरवठ्याची व गटारांची योजना त्यांनीं केली. नोकरीच्या चोवीस वर्षांत ते शिकत होते आणि शिकलेलें लगेच कामास लावीत होते.

हैदराबाद आणि म्हैसूर

मुंबई सरकारच्या नोकरींत त्यांस अनेक वरिष्ठांना मागें टाकून बढत्या मिळाल्या. परंतु मुख्य इंजिनियरची जागा त्या काळीं हिंदी मनुष्यास मिळण्यासारखी नव्हती. हें ओळखून १९०८ सालीं त्यांनीं नोकरी सोडली. निवृत्तीचें वय झालें नव्हतें. तरीही सरकारनें त्यांची सेवा लक्षांत घेऊन त्यांस पेन्शन दिलें. विसांव्यास न बसतां ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासास गेले, तेही तेथील धरणें, कारखाने व नगररचना पाहण्यासाठीं.

त्याच वर्षीं २८ सप्टेंबर रोजीं हैदराबादेंत मुसी नदीस भयंकर पूर येऊन हजारों माणसें प्राणांस मुकलीं. निजाम सरकारनें विश्वेश्वरय्यांस बोलाविलें आणि १९०९ सालीं ते तेथें दाखल झाले. शहरांत तट बांधण्याचें काम त्यांनीं आधीं हातीं घेतलें नाहीं. पाऊस किती पडला, तो कोठें पडला, वरच्या अंगाचीं किती तळीं एकामागून एक फुटलीं, याचा त्यांनीं प्रथम शोध घेतला. मग शहराच्या वरच्या बाजूस पूर अडविणारे मोठे जलाशय बांधण्याची शिफारस केली. उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन तलाव त्यांतूनच पुढें झाले. रोग शहरांत दिसत असला तरी त्याचें मूळ डोंगरांत असूं शकतें, हें त्यांनीं तेथें दाखवून दिलें.

१९०९ च्या अखेरीस ते आपल्या मायभूमींत, म्हैसूर संस्थानांत, मुख्य इंजिनियर म्हणून परतले. त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें बांधकाम, कावेरीवरील कन्नंबाडीचें धरण, १९११ सालीं सुरू झालें. कोलारच्या सोन्याच्या खाणींस वीज आणि मंड्याच्या कोरड्या जमिनीस पाणी, असे त्याचे दोन हेतु होते. कावेरीचें पाणी पुढें मद्रास इलाख्यांत जात असल्यामुळें मद्रास सरकारनें हरकत घेतली आणि प्रथम सुमारें ८० फुटांपर्यंतच उंची मान्य केली. विश्वेश्वरय्यांनीं भिंत तेवढीच हातीं घेतली, परंतु पाया मात्र पुढील पूर्ण उंचीचा भार पेलेल असा रुंद घातला. आज नाहीं तर उद्यां तंटा मिटेल. त्या वेळीं पाया अपुरा निघाला तर सारें व्यर्थ, हा त्यांचा विचार. १९२४ सालीं दोन्ही सरकारांत करार झाला. सुमारें १३० फूट उंचीचें धरण त्याच पायावर उभें राहून १९३१-३२ च्या सुमारास पुरें झालें. बायबलांत खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्या दोघांचा दृष्टांत आपण सर्वांनीं वाचला आहे. पाया कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, पण वादळाच्या दिवशीं तोच साक्ष देतो.

सिमेंट त्या वेळीं आपल्या देशांत मुबलक नव्हतें. म्हणून धरणाची दगडी भिंत चुना व सुरखी यांच्या गाऱ्यांत बांधण्यांत आली. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची पूड. हजारों मजूर तेथें खपत होते. हिंवताप पसरे, नदीस पूर येई, रात्रीं दिवे लावून काम चाले. पहिल्या टप्प्याचें पाणी खाणींच्या विजेसाठीं ठरलेल्या मुदतींत द्यावयाचें होतें. दगड, चुना, मजूर, औषध, पैसा आणि दिवस या सहा गोष्टींची सांगड एकाच वेळीं घालावी लागत होती.

१९१२ पासून १९१८ पर्यंत विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. त्या अवधींत १९१६ सालीं म्हैसूर विश्वविद्यालय व १९१७ सालीं बंगळूरचें सरकारी इंजिनियरिंग कॉलेज स्थापन झालें. स्वतः शिकण्यासाठीं ज्यास परप्रांतांत जावें लागलें, त्यानें आपल्या प्रांतांतल्या मुलांची सोय घरींच केली. दिवाणगिरी सोडल्यावर मुंबई इलाख्यांतील औद्योगिक व तांत्रिक शिक्षणाचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या समितीचे १९२१-२२ सालीं ते अध्यक्ष होते. आपल्या या भागाशीं असलेला त्यांचा ऋणानुबंध असा नोकरी सुटल्यावरही तुटला नाहीं.

वार्धक्य

वयाची नव्वदी उलटल्यावर, १९५२ च्या सुमारास, गंगेवर बिहारांत पूल कोठें बांधावा हा वाद मिटविण्याचें काम भारत सरकारनें त्यांजवर सोंपविलें. इतक्या उतारवयांत ते स्वतः जागा पाहण्यास गेले आणि मोकामा येथील जागेची शिफारस त्यांनीं केली. तो पूल १९५९ सालीं खुला झाला. १९५५ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली होती, आणि १९६० सालीं, ते हयात असतांनाच, त्यांच्या नांवाचें टपालाचें तिकीट निघालें.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत पुण्यावर एक दारुण प्रसंग आला. मुठेच्या खोऱ्यांत पानशेत येथें बांधलें जात असलेलें मातीचें धरण काम पुरें होण्यापूर्वींच पावसाळ्यांत भरलें. १२ जुलै १९६१ रोजीं तें फुटलें. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें धरणही फोडलें, आणि पुण्याचा नदीकांठ वाहून गेला. पांझरेच्या कांठीं तरुण विश्वेश्वरय्यांनीं पावसाळ्याविषयीं जो धोक्याचा इशारा दिला होता, तो अशा वेळीं आठवल्याखेरीज राहत नाहीं. वाळूंतला एक नळ दोन पुरांमध्यें बसवितां येतो; अर्धवट धरणास मात्र पूर क्षमा करीत नाहीं. कोठें पुढें रेटावें आणि कोठें थांबावें, हा विवेक ज्यास नाहीं, त्याचें गणित कितीही शुद्ध असलें तरी उपयोग नाहीं.

आजचा अभ्यास

सक्करमधील व पुण्यांतील गोष्टी विश्वेश्वरय्या चोवीस वर्षांत, एकेका कामावर ठेंचा खात शिकले. त्यांतील पुष्कळ आतां शास्त्ररूपानें मांडल्या गेल्या आहेत. पदव्युत्तर विद्यार्थी कामांची साखळी आंखून, कोणतें काम एक दिवस लांबलें तर सारेंच काम एक दिवस लांबतें, हें काढण्यास शिकतो. खर्चाचा अंदाज, कंत्राटाचीं कलमें, मालाची परीक्षा, यंत्रांची निवड, जमिनीची तपासणी आणि मजुरांची सुरक्षितता हे त्याचे विषय. परंतु ते केवळ वर्गांत बसून पुरे होत नाहींत. म्हणून विद्यार्थ्यास कामाच्या जागेवर जावें लागतें आणि अखेरीस एका प्रश्नावर प्रबंध लिहावा लागतो.

या विद्येची गरज किती आहे, हें अंधेरीकरांस निराळें सांगावयास नको. येथील गोखले पुलाचा पादचाऱ्यांचा भाग ३ जुलै २०१८ रोजीं भर पावसांत रेल्वेच्या रुळांवर कोसळला. पुढें जुना पूल पाडून नवा बांधण्यांत आला. २०२४ च्या फेब्रुवारींत त्याचा एक भाग खुला झाला, तेव्हां शेजारच्या बर्फीवाला पुलाची पातळी त्याच्याशीं जुळत नसल्याचें सर्वांनीं पाहिलें. मग तो पूल जॅक लावून उचलण्यांत आला आणि जुलै महिन्यांत दोन्ही पूल जोडले गेले. पोलाद उत्तम, सिमेंट उत्तम, तरी दोन कामांची सांगड चुकली तर रस्ता पुढें जात नाहीं. कन्नंबाडीचा पाया घालतांना वीस वर्षें पुढचें पाहणाऱ्या दृष्टीची किंमत अशा वेळीं कळते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतील ज्यांस इंजिनियर व्हावयाचें आहे त्यांनीं गणित व विज्ञान मन लावून शिकावें, हें खरेंच. त्याबरोबर घराशेजारीं काम चाललें असेल तर कुंपणाबाहेर सुरक्षित उभें राहून तें पाहावें. आज काय झालें, कालच्यापेक्षां किती पुढें गेलें, पाऊस आला तेव्हां काय केलें, हें वहींत टिपून ठेवावें. गवंडी, मुकादम व बिगारी यांच्याशीं आदरानें बोलावें. त्यांच्या हातांत जें ज्ञान आहे तें पुष्कळदां पुस्तकांत नसतें.

पालकांसही एक विनंति आहे. मुलानें किंवा मुलीनें पदवी घेतल्यावर आणखी दोन वर्षें शिकावयाचें म्हटलें, अथवा दूरच्या धरणावर उन्हातान्हांत उमेदवारी पत्करिली, तर तीं वर्षें फुकट गेलीं असें मानूं नये. विश्वेश्वरय्यांस पहिला क्रमांक पुण्यास मिळाला. पण त्या क्रमांकाचें सार्थक खानदेशांत, चिखलांत उभें राहून, दोन महिने पुराशीं झुंजतांना झालें.